शून्य गळती आणि ४६३ मुले : ह्यूस्टनच्या शार्पस्टाउन हायस्कूलचा प्रकरण अभ्यास

२००१-०२ या शैक्षणिक वर्षात टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या शार्पस्टाउन हायस्कूलचा पट साधारण १,६५० होता. त्या वर्षात ४६३ मुले शाळा सोडून गेली. शाळेने राज्याला कळवलेली गळती मात्र शून्य होती.

पटाच्या अठ्ठावीस टक्के मुले एका वर्षात बाहेर पडतात आणि त्यातल्या एकानेही शिक्षण सोडलेले नसते, हे गरीब वस्तीत शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला पटणार नाही. तरीही हा आकडा शाळेतून जिल्ह्याकडे (म्हणजे शहरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे) आणि जिल्ह्याकडून राज्याकडे बिनबोभाट गेला. सरकारी माध्यमिक शाळेचे मूल्यमापन करणाऱ्याने हे प्रकरण बारकाईने पाहायला हवे. शाळेच्या टक्केवारीत अंश सगळे वाचतात, छेद कोणी तपासत नाही. शार्पस्टाउनमध्ये जे काही झाले ते कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे यात झाले.

शाळा कोणाची होती

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. शार्पस्टाउन हा ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येचा भाग. १९५०च्या दशकात इथे मध्यमवर्गीयांसाठी बंगल्यांची वसाहत उभी राहिली. पुढे आसपासच्या भाड्याच्या इमारतींमध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबे राहू लागली. भारतीय दुकानांचा हिलक्रॉफ्ट रस्ताही याच बाजूला आहे, त्यामुळे ह्यूस्टनमधल्या मराठी मंडळींना हा परिसर ओळखीचा असेल. २००० सालाच्या सुमारास शाळेतली बहुतेक मुले गरीब घरांतली आणि अल्पसंख्याक समाजांतली होती. अनेकांच्या घरची भाषा इंग्रजी नव्हती.

अशा शाळेचा पट हलता असतो. भाडे थकले, बापाचे काम सुटले, की कुटुंब दुसऱ्या वस्तीत जाते आणि मुलाची शाळा बदलते. टेक्सासमध्ये याचे माप ठरलेले आहे. वर्षातले सहा आठवडे किंवा त्याहून जास्त काळ जे मूल त्या शाळेच्या पटावर नव्हते, ते ‘स्थलांतरित’ गटात मोजले जाते. मूल्यमापन करणाऱ्याने हा आकडा निकालाच्या आधी मागावा, कारण त्याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे ४६३ पैकी बरीच मुले खरोखरच दुसऱ्या शाळेत गेलेली असू शकतात. सगळ्यांना गळतीत धरणे हाही शाळेवर अन्याय. दुसरे, जिथे खरी स्थलांतरे भरपूर असतात, तिथे खोटी स्थलांतरे त्यांच्यात सहज मिसळून जातात.

गरिबीचा आकडा बहुधा मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या अर्जांवरून काढतात. हायस्कूलमध्ये तो खऱ्यापेक्षा कमी येतो, कारण सोळा-सतरा वर्षांची मुले असा अर्ज भरायला लाजतात. त्या भागातल्या प्राथमिक शाळांचा आकडा शेजारी ठेवला की फरक लगेच लक्षात येतो.

श्रेणी कशी ठरत होती

रॉड पेज १९९४ ते २००१ ह्यूस्टनच्या शाळांचे अधीक्षक होते. ज्या मुख्याध्यापकांचे आकडे सुधारतील त्यांना रोख बक्षीस मिळे, ज्यांचे सुधारणार नाहीत त्यांना बदलीला किंवा पदावनतीला तोंड द्यावे लागे. जानेवारी २००१मध्ये पेज अमेरिकेचे शिक्षणमंत्री झाले आणि जानेवारी २००२मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली. त्या कायद्यासाठी ह्यूस्टनचे उदाहरण देशापुढे ठेवले जात होते. २००२मध्येच शहरी शाळांसाठीचे पहिले ब्रॉड पारितोषिक ह्यूस्टनला मिळाले.

राज्य शाळेला देत असलेली श्रेणी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरे : ‘टास’ नावाच्या राज्य परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण आणि वार्षिक गळती. सर्वांत वरच्या श्रेणीसाठी प्रत्येक विषयात ९० टक्के मुले उत्तीर्ण आणि गळती १ टक्का किंवा त्याहून कमी लागे. हे निकष पूर्ण शाळेला लागू होते, शिवाय कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, गोरे आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल या गटांनाही वेगवेगळे लागू होते. हा भाग चांगला होता. सरासरीच्या आड एखादा गट लपू नये, ही त्यामागची इच्छा प्रामाणिक होती.

वार्षिक गळतीचे सूत्र मात्र मुळातच सौम्य होते. छेदात सातवी-आठवीची मुलेही धरली जात, आणि त्या वयात शाळा सोडणारे फारच थोडे. शिवाय वार्षिक दर ऐकायला लहान वाटतो. वर्षाला ७ टक्के गळती असेल, तर ०.९३चा चार वेळा गुणाकार करून ०.७५ उरतात, म्हणजे चार वर्षांत चौथा हिस्सा मुले गेली. ह्यूस्टनने तर सगळ्या जिल्ह्याची वार्षिक गळती दीड टक्का सांगितली होती. चार वर्षांचा वेगळा आकडाही राज्य काढत असे, पण त्यात जीईडी ही समकक्ष परीक्षा देणारे आणि चार वर्षांनंतरही शिकत असलेले, दोघेही ‘पूर्ण केलेल्यां’मध्ये जमा होत.

एका नोंदीचे काय होते

मुलगी तीन आठवडे वर्गात आलेली नाही. घरचा फोन बंद आहे, पत्र परत आले. शाळेच्या संगणकावर तिच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख आणि कारणाचा एक क्रमांक भरायचा असतो. त्या काळात टेक्सासमध्ये असे तीसहून अधिक क्रमांक होते. दुसऱ्या शाळेत गेली, खासगी शाळेत गेली, मायदेशी परतली, जीईडीची तयारी करते आहे : या क्रमांकांची मुले गळतीत मोजली जात नसत. नोकरी, लग्न, अनुपस्थिती, ‘ठावठिकाणा नाही’ या क्रमांकांची मोजली जात. म्हणजे दोन अंक बदलले की मुलगी गळतीतून बाहेर.

म्हणून नियम असा होता, आणि आजही आहे, की क्रमांकामागे कागद हवा. नव्या शाळेने तिची गुणपत्रके मागवल्याचे पत्र किंवा पालकांची सही असलेले निवेदन. शार्पस्टाउनमध्ये डझनावारी मुलांना स्थलांतर, मायदेशी परत अशी कारणे लावली गेली, ती खरी नव्हती. मुले शहरातच होती. काही तर शिक्षकांना सांगून गेली होती की शिकणे सोडतो आहोत.

हे उघड केले ते शाळेचे सहायक मुख्याध्यापक रॉबर्ट किंबॉल यांनी. शेकडो मुलांना दाराबाहेर जाताना पाहिलेल्या माणसाला तो शून्य मान्य करणे शक्य नव्हते. त्यांच्या मदतीने २००३च्या सुरुवातीला स्थानिक वाहिनी ‘केएचओयू’ने बातमी दिली. पुढे त्यांना एका प्राथमिक शाळेत हलवण्यात आले. शिक्षणक्षेत्रातल्या अशा प्रत्येक पडताळणीत कुणा एका कर्मचाऱ्याने स्वतःचे नुकसान पत्करलेले असते, याची नोंद अहवालात क्वचित येते.

राज्याची तपासणी

राज्याने ह्यूस्टनमधल्या १६ शाळांचे दप्तर तपासले. शाळा सोडलेल्या ५,५०० मुलांच्या नोंदी पाहिल्या, त्यातली सुमारे ३,००० मुले गळतीत मोजायला हवी होती पण मोजली नव्हती. शंभरातली पंचावन्न. १४ शाळांची श्रेणी सर्वांत खाली आणण्याची शिफारस झाली आणि जिल्ह्याच्या माहितीसंकलनावर राज्याने निरीक्षक नेमला.

या ३,००० नोंदी सगळ्या जाणूनबुजून केलेल्या खोट्या होत्या असे नाही. मोठा हिस्सा नुसता कागद नसलेला होता. कारकुनाने ऐकीव कारण भरले, पुरावा मागितला नाही, वरच्यांनीही विचारले नाही. मूल्यमापनात ही दोन दुखणी वेगळी मांडावीत, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. कागद नसेल तर प्रशिक्षण आणि मनुष्यबळ द्यावे लागते. नोंद फिरवली असेल तर जबाबदारी निश्चित करावी लागते. दोन्ही बाबतींत मूल मात्र पुन्हा गळतीत मोजायचे. संशयाचा फायदा शाळेला दिला की पुढच्या वर्षी कागद आणखी कमी होतात.

नववीत साचलेली मुले

गळतीइतकाच गंभीर दुसरा प्रकार होता, आणि त्यात एकही नोंद खोटी लागत नव्हती. शार्पस्टाउनच्या नववीत हजारच्या आसपास मुले होती, बारावीपर्यंत ती ३००पेक्षा कमी उरत. १,६५०चा पट चार इयत्तांत सारखा वाटला तर दर इयत्तेत चारशेच्या थोडी वर मुले हवीत. नववी एवढी फुगली की समजावे, मुले तिथे अडकली आहेत.

श्रेणीची ‘टास’ परीक्षा दहावीत होती. एखाद्या विषयात मागे पडलेल्या मुलाला नववीतच ठेवले तर तो दहावीच्या परीक्षेला बसत नाही आणि शाळेचा निकाल वर जातो. ह्यूस्टनमधल्याच एका विद्यार्थिनीचे प्रकरण त्या वेळी गाजले. ती फक्त बीजगणितात नापास झाली होती. तिला तीन वर्षे नववीत ठेवले आणि नंतर थेट अकरावीत बसवले. दहावीच्या परीक्षेत ती कधी आलीच नाही, आणि पुढे तिने शाळा सोडली. बोस्टन कॉलेजच्या वॉल्टर हेनी यांनी २००० सालीच दाखवले होते की १९९०च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये नववीतली कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले २५ ते ३० टक्क्यांच्या प्रमाणात मागे ठेवली जात होती. एकदा मागे राहिलेले सोळा वर्षांचे मूल चौदा वर्षांच्या मुलांबरोबर बसते. ते किती दिवस टिकेल?

परीक्षेच्या छेदातही गाळण होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी जे मूल त्या शाळेच्या पटावर असेल, त्याचाच निकाल शाळेच्या श्रेणीत धरला जाई. नियम योग्य आहे. मार्चमध्ये आलेल्या मुलाची जबाबदारी शाळेवर टाकता येत नाही. पण ज्या शाळेचा पट वर्षभर हलतो, तिथे या नियमाने सर्वांत अस्थिर, सर्वांत अडचणीतली मुले निकालातून आपोआप वगळली जातात. म्हणून उत्तीर्णांच्या टक्केवारीशेजारी दोन आकडे छापलेच पाहिजेत : परीक्षेला प्रत्यक्ष बसलेले किती आणि त्यातले श्रेणीत धरलेले किती.

हेच मूल्यमापन नीट कसे झाले असते

सुरुवात नावांच्या यादीने. १९९८च्या शरद सत्रात नववीत पहिल्यांदा आलेल्या मुलांची यादी घ्यायची. पुन्हा नववीत बसलेली मुले त्यात घेऊ नयेत. ती आधीच्या वर्षाच्या यादीत आहेत. त्यात मागाहून बदली होऊन आलेली मुले मिळवायची. पुराव्यासह दुसऱ्या शाळेत गेलेली, देशाबाहेर गेलेली आणि मरण पावलेली वजा करायची. उरलेला तो छेद. त्यातल्या कितींनी मे २००२पर्यंत नियमित पदविका (हायस्कूल पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र) मिळवली, तो अंश. जीईडी अंशात येत नाही.

काल्पनिक आकड्यांवर हिशेब करून पाहू. पहिल्यांदा नववीत आलेली ४००, नंतर आलेली ६०, गेलेली ११०. छेद ३५०. पदविका २१० मुलांना, म्हणजे ६० टक्के. आता ११० जणांचे कागद काढले आणि फक्त ४० जणांचे सापडले. छेद ४२० होतो आणि तेच २१० आता ५० टक्के ठरतात. शाळेत काहीही बदललेले नाही, फक्त फाइल उघडली. दहा टक्क्यांचा फरक एका कपाटात असतो.

नावांची यादी मिळत नसेल तर ढोबळ माप आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४मध्ये ते रूढ केले : यंदाची बारावी भागिले तीन वर्षांपूर्वीची नववी. उत्तर ६० टक्के किंवा त्याखाली आले तर ती शाळा गंभीर गळतीची मानावी. शार्पस्टाउनचे उत्तर तिसापेक्षा कमी येते. पण इथे सावधगिरी हवी. नववीतल्या हजारांत पुन्हा बसलेली मुले आहेत, त्यामुळे हे माप गळती खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. छेदात नववीऐवजी त्या भागातली आठवीची संख्या घेतली की अंदाज बराच सुधारतो. या मापाचे काम शाळा निवडण्यापुरते आहे. शिक्षा किंवा बक्षीस त्यावर देऊ नये.

गुणवत्तेसाठी उत्तीर्णांचे प्रमाण एकटे फारसे काही सांगत नाही, कारण त्यात शाळेने काय शिकवले आणि मूल घरून काय घेऊन आले, हे एकत्र असते. त्याच मुलांचे आठवीचे गुण शेजारी मांडावेत आणि बदल पाहावा. दुसरी, वेगळ्या संस्थेची परीक्षाही पाहावी. ह्यूस्टनमध्ये ती होती : राष्ट्रीय पातळीवरची ‘स्टॅनफर्ड’ चाचणी. राज्य परीक्षेत दिसलेली झेप त्या चाचणीत तेवढी दिसली नाही. दोन परीक्षांमध्ये असे अंतर पडले तर समजावे, शिकवणे एका प्रश्नपत्रिकेभोवती आवळले गेले आहे.

गटनिहाय आकडे वाचताना गटाचा आकार आधी पाहावा. ३० मुलांच्या गटात एक मूल म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक. वर्षागणिक पाच-सहा टक्क्यांची चढउतार तिथे नुसत्या योगायोगाने होते, त्यामुळे अशा गटांची तीन वर्षे एकत्र करावीत.

पुढे काय बदलले

टेक्सासने २००५-०६पासून गळतीची राष्ट्रीय व्याख्या स्वीकारली. २००८मध्ये केंद्रीय नियमाने चार वर्षांचा सुधारित गट-दर सर्व राज्यांना सारखा केला आणि २०१०-११पासून तो प्रसिद्ध होऊ लागला. वर दिलेला हिशेब त्याचाच. बदलीचा लेखी पुरावा त्यात बंधनकारक आहे.

शार्पस्टाउनचीही पुढची पायरी नोंदवण्यासारखी आहे. २०१०मध्ये ह्यूस्टनने ‘अपोलो २०’ हा कार्यक्रम सुरू केला आणि पहिल्या चार हायस्कूलांत शार्पस्टाउन होते. मुख्याध्यापक बदलले, शाळेचा दिवस लांबला आणि नववीच्या मुलांना गणितासाठी दोन मुलांमागे एक शिकवणीदार मिळाला. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांच्या अभ्यासात कार्यक्रमातल्या शाळांची गणितात चांगली प्रगती दिसली, वाचनात फारशी नाही. हा निष्कर्ष आम्हाला विश्वासार्ह वाटतो. त्यात मुलांच्या आधीच्या गुणांचा हिशेब धरला आहे आणि जिथे फरक पडला नाही तेही तसेच मांडले आहे. नववीचे गणित, म्हणजे जिथे मुले अडकत होती नेमकी ती जागा, तिथेच माणसे लावली गेली.

महाराष्ट्रातल्या शाळेला हे लावताना

आपल्याकडेही दहावीचा निकाल हाच शाळेचा चेहरा असतो आणि आपल्याकडेही नववी हीच गाळणी आहे. कच्च्या मुलाला नववीत नापास करायचे, किंवा पालकांना बोलावून ‘सतरा नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवायचे. फॉर्म नंबर १७ ही काम करून शिकणाऱ्यांसाठी मोलाची सोय आहे, ती बंद व्हावी असे मुळीच नाही. पण त्या फॉर्मवर बसलेले मूल खासगी विद्यार्थी ठरते आणि शाळेच्या नियमित निकालात येत नाही. समजा नववीच्या सुरुवातीला ६१ मुले होती, दहावीला ४३ बसली आणि ४३ उत्तीर्ण झाली. फलकावर शंभर टक्के लागतो. मूल्यमापनात ६१ पैकी ४३, म्हणजे ७० टक्के लिहायचे आणि उरलेल्या १८ मुलांचा नावनिशीवार शोध घ्यायचा.

छेद उलट्या दिशेनेही फुगतो. संचमान्यता (शिक्षकांच्या पदांची मंजुरी) आणि अनुदान पटावर अवलंबून असल्याने नसलेली मुले पटावर दाखवली जातात. ३ ते ५ ऑक्टोबर २०११च्या राज्यव्यापी पटपडताळणीत म्हणूनच मुलांच्या बोटाला शाई लावावी लागली होती. त्यामुळे शाळेत गेल्यावर पहिल्यांदा हजेरीपट आणि वर्गातली डोकी जुळवावीत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी आणि न कळवता. ऊसतोडीच्या भागात दिवाळीनंतरची हजेरी वेगळी काढावी. तिथे खरे स्थलांतर असते आणि त्याला गळती म्हणणे चूक ठरेल.

यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या देशव्यापी संगणक प्रणालीमध्ये २०२२-२३पासून माहिती विद्यार्थीनिहाय भरली जाते आणि पुढच्या वर्गात न दिसलेले मूल ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडते. हे फार मोठे साधन हातात आले आहे. शाळेच्या ड्रॉपबॉक्समधली नावे जनरल रजिस्टरशी (शाळेच्या प्रवेश-नोंदवहीशी) एकेक करून ताडून पाहावीत. दाखला नेला असेल तर नव्या शाळेची मागणी फाइलला आहे का ते पाहावे. ‘गावी गेला’, ‘लग्न झाले’, ‘संपर्क नाही’ असे शेरे असतील तर त्या घरी माणूस पाठवावा. आणि जिच्या नावापुढे नव्या शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक लिहिता येत नाही, ती मुलगी तो सापडेपर्यंत याच शाळेच्या छेदात ठेवावी.